काचपेटीतील समुद्र आणि त्यातील हट्टी शेवाळ

विदर्भाला समुद्रकिनारा नाही. तथापि खारे पाणी या प्रांताला अगदीच अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर म्हणजे काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेल्या विवरात साठलेले खारे पाणी होय. त्यात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते; परंतु त्यातून बाहेर पडणारा एकही ओढा नाही. आलेले पाणी उन्हाने वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर आलेले क्षार व इतर द्रव्ये मागे राहतात. या पाण्याचा सर्वांच्या परिचयाचा हिरवा रंग सूक्ष्म नीलहरित जीवांमुळे आलेला असतो. जून २०२० मध्ये पाणी ओसरून खारेपणा वाढला, तेव्हा तेच सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झालेल्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा ठरला. ज्या जलाशयाला निर्गम नाही, त्यात आलेली प्रत्येक वस्तू साठत जाते आणि त्या साठ्याला अनुरूप अशी वनस्पती अथवा सूक्ष्मजीवसृष्टी तेथे आपोआप उभी राहते, हा धडा लोणार देते.

नागपुरातील एखाद्या घरी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी असेल, तर ती याच नियमाने बांधलेली असते. रंगीत मासे ठेवण्याच्या हौसेने ही पेटी मोठ्या खर्चाने सजवली जाते. चारसहा महिने बरे जातात. मग एके दिवशी दगडांवर हिरव्या केसांसारखे तंतू दिसू लागतात. ते हातांनी उपटले की आठ दिवसांत पुन्हा उगवतात. पुढे त्यांचा गालिचा होतो, पाणी वाहते राहत नाही, आणि एवढ्या हौसेने मांडलेला संसार मोडून टाकावा असे पाळकाच्या मनात येऊ लागते. या शेवाळाचा बंदोबस्त कसा करावा, हा अशा गृहस्थापुढील खरा प्रश्न असतो.

समुद्रापासून दूर समुद्र वसवण्याची युक्ती तशी जुनी आहे. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली निरनिराळे क्षार गोड्या पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. मुंबईहून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या नागपुरात आज जो पाळक तयार मिश्रण विकत आणून दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवतो, तो गॉसच्याच वाटेने जात असतो. मात्र समुद्राचे पाणी करता आले, तरी समुद्राचा विस्तार करता येत नाही. समुद्रात माशाची विष्ठा अफाट पाण्यात विरून जाते. काचपेटीत ती दोनशे लिटरांतच राहते.

उपायाकडे वळण्यापूर्वी शत्रूची ओळख पटवून घेणे इष्ट आहे. नव्या पेटीत प्रथम तपकिरी धुळीसारखा थर दिसतो. हे डायटम होत. त्यांची कवचे सिलिकेची असतात. पाण्यातील सिलिका संपत आली की ते बहुधा आपोआप ओसरतात. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा बेसाल्ट पसरला आहे आणि अशा खडकातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. तेव्हा विहिरीचे पाणी वापरणाऱ्यास हा थर अधिक काळ त्रास देतो. काचेवरील हिरवी झाक निरुपद्रवी असते व ती पुसली की जाते. किरमिजी रंगाचा बुळबुळीत पडदा दिसला, तर ते शेवाळ नसून नीलहरित जीवाणूंच्या कुळातील जीव असतात. ते बहुधा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात वाढतात. खरा हट्टी शत्रू म्हणजे केसाळ हिरवे शेवाळ आणि दगडाला घट्ट चिकटणारे हिरव्या फुग्यांसारखे शेवाळ. ही बहुधा नव्या दगडावर बसून घरात येतात.

या ठिकाणी विदर्भातील माणसास एक मोह होण्याचा संभव असतो. संत्र्याच्या बागेत झाडाच्या बुंध्याला मोरचूद व चुना यांचा लेप देण्याची रीत या भागात घरोघरी ठाऊक आहे. मोरचुदाने शेवाळ मरते हेही खरे. पाणीपुरवठ्याच्या तलावांतील शेवाळ मोरचुदाने मारण्याची पद्धत मूर व केलरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०४ साली मांडली होती. परंतु काचपेटीत चिमूटभर मोरचूद पडणे म्हणजे त्यातील गोगलगायी, कोळंबी व इतर मृदू जिवांवर मृत्यूचा घाला होय. शिवाय तांबे चुनखडीच्या दगडात व वाळूत मुरते आणि पुढे दीर्घकाळ थोडेथोडे बाहेर येत राहते. त्याहून मोठी गोष्ट अशी की एकाएकी मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते. कुजताना ते प्राणवायू ओढून घेते. उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात मे महिन्यातील रात्री वीज गेली आणि पंप थांबला, तर सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. आणि कुजलेल्या शेवाळातून सुटलेले खत नव्या शेवाळास पुन्हा उपलब्ध होते. विषाने शेवाळ जाते. त्याचे कारण जात नाही.

ते कारण जमाखर्चाच्या वहीत शोधावे लागते. शेतकरी ज्यांना नत्र व स्फुरद म्हणतो, तीच द्रव्ये नायट्रेट व फॉस्फेट या रूपांत शेवाळाला पोसतात. समुद्रातील तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात कर्ब, नत्र व स्फुरद यांचे प्रमाण बरेचसे ठरलेले असते, ही गोष्ट आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली निदर्शनास आणली; पुढे रूढ झालेले हे प्रमाण अणूंच्या हिशेबाने १०६, १६ व १ असे आहे. दगडाला चिकटणाऱ्या शेवाळात ते काहीसे निराळे असले, तरी तात्पर्य तेच राहते: यत्किंचित स्फुरद पुष्कळ शेवाळास पुरतो.

जमेच्या बाजूस पहिली नोंद माशांच्या अन्नाची. कोरड्या मत्स्यान्नात सुमारे एक टक्का स्फुरद असतो. एक ग्रॅम अन्नात तो १० मिलिग्रॅम झाला. फॉस्फेटच्या रूपात त्याचे सुमारे ३० मिलिग्रॅम होतात. तो सर्व पाण्यात उतरला, तर दोनशे लिटरांच्या पेटीत लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम इतकी भर पडेल. प्रवाळखडकांवरील स्वच्छ समुद्रजलात फॉस्फेट लिटरमागे शतांश मिलिग्रॅमच्या घरात असते, हे ध्यानी घेतले म्हणजे पाहुण्यांना मासे दाखवताना टाकलेली जादा चिमूट किती महाग पडते ते कळेल. मासे दोन मिनिटांत खातील तेवढेच अन्न द्यावे आणि गोठवलेले अन्न वितळल्यावर त्याचे पाणी गाळून टाकावे, हा पहिला नियम होय.

दुसरी नोंद नागपूरच्या उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांवर चढला की पेटीतील पाणी २६ अंशांच्या आसपास राखणे कठीण होते. तेव्हा पृष्ठभागावर पंखा लावला जातो. वाळ्याच्या ताट्यांनी खोली ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वाने पाणी गार होते. पण ते तितकेच झपाट्याने उडूनही जाते. समजा, रोज तीन लिटर पाणी उडाले आणि तितकेच नळाचे पाणी घातले. महिन्यात नव्वद लिटर झाले. त्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल, तर महिनाअखेर अठरा मिलिग्रॅम आत आले आणि बाहेर काहीच गेले नाही. पेटीत लिटरमागे ०.०९ मिलिग्रॅमची भर पडली. पाण्याची पातळी मात्र पूर्वीचीच दिसते, म्हणून पाळकाला संशयही येत नाही. लोणारचीच ही घरगुती आवृत्ती होय. सबब वर घालावयाचे पाणी आर. ओ. यंत्रातून काढलेले आणि शक्य तर त्यानंतर आयन शोषून घेणाऱ्या राळेतून गाळलेले असावे. त्यात मीठ घालू नये. कारण उडते ते पाणी, मीठ नव्हे.

तिसरी नोंद प्रकाशाची. खिडकीतून येणारे थेट ऊन पेटीवर पडू देऊ नये. दिवा रोज आठ तासांच्या आसपास, ठरल्या वेळी लावावा.

आता खर्चाची बाजू. दर आठवड्यास एक दशांश पाणी बदलणे उत्तम. परंतु त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅम असेल, तर एका बदलाने ते ३६ वर येते. नवी भर मुळीच पडली नाही असे धरले, तरी ते निम्म्यावर येण्यास सात आठवडे लागतात. फेस काढणारे यंत्र, ज्यास पाळक स्किमर म्हणतात, ते खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुड्यांवर सेंद्रिय मळ गोळा करून तो कुजण्यापूर्वीच बाहेर टाकते. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हात. केसाळ शेवाळ दगड बाहेर काढून खरवडावे अथवा पेटीतच उपटताना नळीने शोषून घ्यावे. उपटलेली प्रत्येक मूठ म्हणजे पेटीबाहेर गेलेले तेवढे नत्र व स्फुरद होय.

शेवाळाचाच उपयोग शेवाळाविरुद्ध करता येतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी वाहत्या पाण्याच्या पातळ थराखाली जाळीवर शेवाळ वाढवून ते वरचेवर खरवडून काढण्याची पद्धत विकसित केली. घरगुती पेटीतही निराळ्या कप्प्यात दिव्याखाली शेवाळ वाढू द्यावे आणि दर पंधरवड्यास त्याची कापणी करावी. जे पीक इच्छेविरुद्ध येणारच, ते आपल्या सोयीच्या वावरात घ्यावे, इतकाच याचा अर्थ.

चरणाऱ्या प्राण्यांची मदतही अमोल आहे. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ साली लांब काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन साथीने मेले. जेथे साथ पोहोचली तेथे त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाले आणि त्यानंतर पुष्कळ प्रवाळखडक शेवाळाने झाकले गेले. शेवाळभक्षक गोगलगायी व मासे पेटीत हेच काम करतात. परंतु खाल्लेले शेवाळ विष्ठेच्या रूपाने पाण्यातच परत येते, हे विसरू नये. गुरे चारून गवत आखूड होते. जमिनीचा कस त्याने लगेच कमी होत नाही.

चाचणी-संचाचा आकडा वाचतानाही सावधपणा हवा. पेटी शेवाळाने भरलेली असताना फॉस्फेट शून्य दिसले, तर पाणी शुद्ध आहे असे समजू नये. ते शेवाळाच्या पोटात गेलेले असते. उलट, उत्साहाच्या भरात नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही खरोखरच शून्यावर नेणेही घातक ठरते. अशा निःसत्त्व पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, तारेसारखे ओघळणारे जीव माजू शकतात आणि त्यांच्या काही जाती गोगलगायींना विषारी असतात. द्रव्ये थोडी असावीत, साठत जाऊ नयेत.

या छंदाला घराबाहेरचेही एक कर्तव्य आहे. भारताच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून खडक बांधणारे प्रवाळ समाविष्ट आहेत. तेव्हा कोकणच्या सहलीहून प्रवाळाचा तुकडा पेटीसाठी आणणे हा गुन्हा होय. तसेच पेटीतील वनस्पती कोणत्याही जलाशयात टाकू नये. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातील शोभेचे शेवाळ १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्यालगत आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर विस्तीर्ण पसरले. २००० साली ते कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले. तेथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते निपटून काढल्याचे जाहीर व्हावयास २००६ साल उजाडले. खाऱ्या पाण्यातील शेवाळ नागपूरच्या तलावांत तगणार नाही हे खरे. परंतु दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी निघालेली जलपर्णी अंबाझरीच्या तलावावर पसरलेली नागपूरकरांनी पाहिली आहे. ती काढली तरी सांडपाणी येत राहिले की पुन्हा फैलावते. काचपेटी आणि तलाव यांचा जमाखर्च एकाच रीतीने मांडला जातो.

म्हणून हट्टी शेवाळाने गांजलेल्या पाळकाने पेटी मोडण्यापूर्वी तीन महिन्यांची मुदत स्वतःस द्यावी. रोजचे अन्न मोजावे, वर घातलेल्या पाण्याचे लिटर लिहून ठेवावेत, आठवड्यातून एकदा शेवाळ उपटून ओले असतानाच तोलावे आणि तो आकडा वहीत टिपावा. पहिल्या महिन्यात फरक न दिसल्यास धीर सोडू नये. दगडांत व वाळूत मुरलेला साठा प्रथम बाहेर यावयाचा असतो. दर आठवड्यास उपटलेल्या शेवाळाचे वजन उतरू लागले की वही बरोबर चालली आहे असे जाणावे. माशांना या अवधीत काहीही विशेष करावे लागत नाही. त्यांना स्वच्छ वाहते पाणी आणि रात्रभर पुरेल इतका प्राणवायू मिळत राहिला, म्हणजे पाळकाचे अर्धे काम झाले.