थरथरणारं मशीन घ्यावं का?

इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, फौजेतले माझे जुने सोबती हल्ली एकच विचारतात, "सर, ते थरथरणारं मशीन घेऊ का? नुसतं उभं राहिलं की पाय मजबूत होतात म्हणे!"

आधी शत्रू ओळखू या. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर उतरते. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी याला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. आपल्या घरात मात्र "वय झालं" म्हणून विषय संपतो. मग एक दिवस न्हाणीघरात पाय सरकतो, तोल सावरत नाही, खुब्याचं हाड मोडतं आणि ताठ चालणारा माणूस दुसऱ्याच्या आधारावर येतो.

आपण कुठे आहोत ते तपासा. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कुणाला तरी उभं करा, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांना भेटा.

आता मशीन. त्याचा पाट सेकंदाला साधारण २० ते ४० वेळा हलतो. प्रत्येक हिसक्याला स्नायू किंचित ताणला जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आखडतो. कल्पना खोटी नाही. बर्लिनमध्ये आठ आठवडे बिछान्यावर ठेवलेल्या तरुणांपैकी ज्यांना कंपनाचा व्यायाम दिला, त्यांचे पाय कमी झिजले. पण ते नुसते थरथरत नव्हते, पट्ट्यांच्या ताणाविरुद्ध पायांनी जोरही लावत होते. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

ज्येष्ठांवरच्या काही प्रयोगांत पायांची ताकद आणि खुर्चीतून उठणं सुधारलेलं दिसतं. स्नायू भरल्याचा पुरावा मात्र कच्चा आहे, आणि वजनाच्या व्यायामाहून हे सरस ठरलेलं नाही. म्हणून माझं मत असं: जो फार अशक्त आहे, ज्याला नेहमीचा व्यायाम झेपत नाही, त्याने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात म्हणून वापरावं. गुडघे किंचित वाकवलेले, हात कठड्यावर, अर्धा-एक मिनिट कंपन, मग विश्रांती. गुडघे ताठ ठेवलेत तर हिसका थेट डोक्यापर्यंत जातो.

पेसमेकर, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, ताजं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, बदललेला सांधा, फिट्स, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, मूतखडा, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाटावर पाय ठेवू नका. फौजी गाड्यांत वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या कमरा मी पाहिल्या आहेत. कंपन औषधासारखं आहे, मात्रा चुकली की अपाय.

बाकीच्यांनी पैसे खिशात ठेवावेत. खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, जिना, आठवड्यातून दोन-तीन दिवस थोडं वजन. आणि ताटात डाळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे चालत असेल ते. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

जवान असो की आजोबा, नियम एकच: जोर आपणच लावायचा असतो, यंत्र फार तर हात देईल. उद्या सकाळी चहाआधी पाच वेळा उठा-बसा आणि सेकंद मोजा. जय हिंद.