नट आवळायला आता जागा नाही

आमच्या सायखेड्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी बायको आणि दोन लेकरं, असा तिचा दिवस असतो. त्यात द्राक्षबागेच्या वाटेवरची धूळ आणि मळ्यातला चिखल. कंपनीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला काय बदलायचं ते छापलेलं असतं. पण इथल्या कितीतरी गाड्यांचे किलोमीटरचे काटे कधीचेच बंद पडलेले! मग पार्ट केव्हा बदलायचा, हे ठरवायचं कशावरून?

मी काही मेकॅनिक नाही. बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण माझ्या खालाच्या मुलाचं पेठेत गॅरेज आहे आणि माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी तिथल्या बाकड्यावर जातात. सारा गाव त्याला मामू म्हणतो. गाडी आली की मामू आधी पाना उचलत नाही, ऐकतो. चेन कव्हरला घासते आहे का, पुढचं चाक डुगडुगतं आहे का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आहे का. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतं आहे. तिथं नुसतं ऑईल ओतत राहून काही दिवस निघतात, इतकंच.

चेनचं उदाहरण घ्या. ती मधोमध दाबली तर साधारण इंचभर हलावी. जास्त ढिली झाली तर ताणून घेता येते. पण ताणायची खूण शेवटाला पोचली, किंवा मागच्या चक्राचे दात शार्क माशाच्या परासारखे एका बाजूला वाकले, की ताणण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘मामू, नुसती चेन टाका, चक्रं राहू द्या.’’ मामू ऐकत नाही. झिजल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती लवकरच त्यांच्यासारखी होते. ओळीतला एक शब्द बदलला की शेजारचा खुपायला लागतो, हे मला माझ्या धंद्यातून ठाऊक होतंच.

मामूचा एक हिशेब मला फार पटला. तो म्हणतो, ‘‘भाईजान, गाडी चालवणारा पार्ट बिघडला तर माणूस रस्त्यात उभा राहतो. थांबवणारा बिघडला तर आडवा होतो.’’ म्हणून प्लग, क्लचची वायर यांना तो चार दिवसांची सवलत देतो. ब्रेक लायनर, टायर, चाकाचं बेअरिंग, हँडलचा कोनसेट यांना देत नाही. चेन मात्र दोन्हीकडची. ती तुटून मागच्या चाकात अडकली तर गाडी जागीच आवळते.

ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर जो तो किक मारायला धावला. तीच घाई महागात पडते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढायचा, ऑईल सोडून पाहायचं. ते दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलेलं आहे. ब्रेकचे ड्रमही उघडून गाळ धुवायचा. पूर आमच्याकडे नवा नाही, तरी हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

आता ब्रेकचं. मागच्या ड्रम ब्रेकच्या रॉडला एक नट असतो. लायनर झिजला की पायडल खोल जातं. नट दोन आटे आवळला की ब्रेक पुन्हा लागतो आणि माणूस खूश होतो. पण आवळल्याने लायनर परत येत नाही, झीज फक्त नजरेआड होते. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर बाण आणि खूण असते. पायडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला, की लायनर संपला. फुकट पाहता येतं, तरी पाहणारे थोडे.

न पाहण्याला कारणं असतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, भाव पडला. त्या आठवड्यांत गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, ‘‘जरा आवळून द्या, पुढच्या महिन्यात बघू.’’ ज्याच्या हातात पैसा नाही त्याला बेफिकीर म्हणणं मला जमत नाही. शहरातले लोक ते फार सहज म्हणतात.

त्या दिवसांत एक दूधवाला पोरगा आला. चार कॅन लादलेले. मामूने नट पाहिला, आटे संपलेले. ‘‘बेटा, आवळायला आता जागा नाही.’’ पोरगा म्हणाला, ‘‘मामू, दुधाचा पगार झाला की टाकू.’’ मामूने चाक उतरवलं, लायनर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. कडेला पत्र्याची चमक दिसत होती. रोज पहाटेच्या अंधारात हा पोरगा त्या ब्रेकच्या भरवशावर नदीकडे उतरत होता. तो काही बोलला नाही. मामूने नवा लायनर बसवला, वहीत नाव लिहिलं आणि पुढची गाडी ओढून घेतली.

त्या वहीत तेव्हा अशी बरीच नावं होती, सगळी लायनरची आणि टायरची. प्लगची उधारी मामू ठेवत नाही. पोराने तीन हप्त्यांत पैसे दिले. शेवटच्या हप्त्याला पैसे कमी पडले, तेव्हा एक लिटर दूध ठेवून गेला. त्या संध्याकाळी बाकड्यावर आम्ही त्याचाच चहा प्यालो.