मुलगा व्यसनातून घरी परततो तेव्हा



गर्दाच्या आहारी गेलेला मुलगा उपचार घेऊन घरी परतला, की घरच्यांना संकट टळल्यासारखे वाटते. तुयेसारख्या गावात, जेथे घराघरांची परस्परांशी ओळख असते, तेथे देवळात गाऱ्हाणे घालावे, नारळ ठेवावा आणि हा विषय पुन्हा काढू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या दुखण्यातील सर्वांत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो, हे आज मला सांगावयाचे आहे.

गर्द, हेरॉईन, अफू आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके ही सारी एकाच कुळातील द्रव्ये. हेरॉईन बंद होताच काही तासांत नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब होतात, झोप नाहीशी होते. व्यसनी मंडळी या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. दोन-तीन दिवसांत ती कळसास पोहोचते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. घरच्या माणसांना हाच आजार वाटतो. वस्तुतः हा केवळ उंबरठा होय. मेंदूला जडलेली ओढ त्यानंतरही कित्येक महिने टिकून राहते.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. द्रव्य बंद असताना शरीराची ते पचविण्याची शक्ती झपाट्याने उतरते. एखाद्या दुबळ्या क्षणी मुलाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर त्याचा श्वास थांबू शकतो. श्वास मंदावला, घरघर लागली, ओठ निळे पडले, तर झोप समजून त्याला तसाच ठेवू नये. कुशीवर वळवावे आणि ताबडतोब 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नालोक्सोन हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध वेळेवर मिळाल्यास प्राण वाचतो.

म्हणून उपचार दीर्घकाळ चालू ठेवणे अगत्याचे आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवावयाचे औषध ओढ शमविते. 'एक व्यसन सोडून दुसरे लावले', असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो यथार्थ नव्हे. ठरावीक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधाने माणूस कामधंदा करू शकतो आणि मृत्यूचा धोकाही घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ते परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते.

औषधाइतकीच माणसांची साथ मोलाची. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले जाते आणि घरी गेल्यानंतरही पाठपुरावा ठेवला जातो. पाय पुन्हा घसरला, तर त्याला हाकलून न देता परत उपचारास आणणे, हा यामागील विचार आहे.

तुयेच्या माणसाला सुरुवातीसाठी दूर जावयास नको. गावातील सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. पुढील उपचारांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. घरातून पाऊल निघत नसेल, तर 14446 या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर विचारणा करता येते. पोलिसांच्या भीतीने पुष्कळजण मागे राहतात. पण 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातच, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वतःहून सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतल्यास, तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64-अ आहे. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेतले जाऊ शकते.

आईबाबांनो, मधुमेहाच्या रोग्याला आपण 'अजून गोळी का घेतोस?' असे हिणवीत नाही. परतलेल्या मुलालाही हिणवू नका. त्याला औषधाची वेळ आठवून द्या, तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत जा आणि तो चुकल्याचे सांगू लागला, तर त्याचे पूर्ण ऐकून घ्या. तुमच्यापाशी खरे बोलण्याचे धैर्य त्याला होईल, तर त्याचा जीव वाचण्याची आशाही वाढेल.