बिनबोभाट चुका

(लष्कर, ग्वाल्हेर येथे माधवगंजातील शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ग्वाल्हेरात मराठी व्याख्यान म्हटलं की विषय दोनच : गाणं, नाहीतर इतिहास. मला दोन्हींतलं काही येत नाही. म्हणून संयोजक म्हणाले, “तुम्ही त्या तुमच्या डेटाबेसच्या कोर्सवर बोला.” तो कोर्स मी सेहेचाळिसाव्या वर्षी केला, वीस वर्षं कीर्द-खतावणी लिहून झाल्यावर. बाडा चौकाजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर क्लास होता. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा महिने. वर्गात बाकी सगळी माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी एका पोराने मला कुणाचा तरी पालक समजून खुर्ची दिली आणि म्हणाला, “अंकल, सर अभी आएँगे.” सर आले. तेही माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांतून मोडीतली दफ्तरं रुमालात बांधून ठेवलेली असायची. कुठला कागद कुठल्या रुमालात, हे कारकुनाला ठाऊक. कारकून गेला की दफ्तर मुकं. १९७० पर्यंत कॉम्प्युटरमधली माहितीही जवळपास अशीच असे. ती कुठे ठेवलीय आणि कुठल्या वाटेने गेलं की सापडते, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे, आणि वाट बदलली की प्रोग्राम बंद. त्या वर्षी जून महिन्यात आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध छापला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेला हा माणूस. निबंध जेमतेम अकरा पानांचा. त्याचं म्हणणं असं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा; विचारणाऱ्याने काय हवं एवढंच सांगावं, कुठे शोधायचं ते यंत्र बघेल. कारकुनाची गरजच काढून टाकली म्हणा ना. मी स्वतः कारकून, त्यामुळे हे ऐकताना मला फार आनंद झाला असं नाही.

विचारायची भाषा १९७४ साली त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी केली. नाव ठेवलं ‘सीक्वल’. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून स्वर गाळून उरलं एसक्यूएल. आयबीएमचं स्वतःचं जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर चांगलं चाललेलं, त्यामुळे घरच्या शोधाचा माल बाजारात आणायला तिला घाई नव्हती. १९७९ मध्ये तो आणला एका छोट्या कंपनीने. तीच आजची ओरॅकल.

इतका इतिहास पुरे. आता आपल्या गणपतीच्या वर्गणीकडे येऊ.

कोर्सच्या तिसऱ्या महिन्यात मी हौसेने मंडळाची वर्गणी डेटाबेसमध्ये घातली. दोन तक्ते. एक सभासदांचा : क्रमांक, नाव, गल्ली. दुसरा पावत्यांचा : पावती क्रमांक, तारीख, रक्कम आणि सभासदाचा क्रमांक. पावतीच्या तक्त्यात नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. कारण नाव दोन ठिकाणी लिहिलं की एका ठिकाणी ‘कुलकर्णी’ होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘कुळकर्णी’, आणि एका घराची दोन घरं होतात. क्लासमध्ये याला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात आणि त्यावर दोन आठवडे घालवतात. खतावणी लिहिणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं.

मग मी प्रश्न टाकला : सभासदांच्या तक्त्यातली ती नावं दे, ज्यांचा क्रमांक पावत्यांच्या तक्त्यातल्या क्रमांकांत नाही. भाषेत याला ‘नॉट इन’ म्हणतात. म्हणजे वर्गणी कोणाची राहिली, ते सांग. एंटर मारला. उत्तर आलं : शून्य ओळी. एकही नाव नाही. खजिनदार शेजारी बसले होते, ते म्हणाले, “वा! या वर्षी सगळ्यांनी दिली!” मी गप्प. कारण माझीच वर्गणी राहिली होती.

हसू नका, ती चूक मला सापडली ती माझ्या उधारीमुळे. मी वेळेवर पैसे देणारा असतो तर आम्ही दोघांनी खुशाल फळ्यावर लिहिलं असतं, ‘सर्व सभासदांचे आभार’. पडद्यावर लाल अक्षरं नाहीत, सूचना नाही, काही नाही.

दोन दिवस शोधलं. पावत्यांत एक पावती होती गुप्तदानाची. रक्कम आहे, तारीख आहे, सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा. डेटाबेसमध्ये अशा रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे; नल म्हणजे ‘माहीत नाही’. आता यंत्र कसा विचार करतं बघा. सभासद क्रमांक ३१ घ्या. ३१ हा ४ पेक्षा वेगळा आहे का? आहे. १२ पेक्षा? आहे. असं करत करत ते गुप्तदानापाशी येतं. ३१ हा ‘माहीत नाही’ पेक्षा वेगळा आहे का? सांगता येत नाही. ते गुप्तदान ३१ क्रमांकवाल्यानेच दिलं असेल तर? आणि जे छातीठोकपणे सांगता येत नाही ते नाव यंत्र यादीत घेत नाही. हीच गत ३२ ची, ३३ ची, माझी. एका दात्याने नाव लपवलं आणि अख्ख्या गल्लीची उधारी झाकली गेली!

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “नॉट एक्झिस्ट्स लगाइए, अंकल.” लावलं, नावं आली. पण यंत्र चुकलं नव्हतं, हे मला फार लागलं. नियमाने पाहिलं तर त्याचं उत्तर बरोबर होतं. चूक माझ्या प्रश्नात होती, आणि ती चूक मला कुणी सांगणार नव्हतं. वर्गातल्या पोरांना प्रश्न लिहायला माझ्यापेक्षा कितीतरी लवकर जमलं. उत्तर आल्यावर थांबून त्याच्याकडे संशयाने बघायचं मात्र कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ते मला माझ्या जुन्या कामाने शिकवलं होतं. ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला की जुना मुनीम खूश होत नाही, तो पुन्हा बेरीज करतो.

शेवटचा महिना राखणीचा, म्हणजे डेटाबेस प्रशासनाचा. कोणाला काय बघू द्यायचं, तक्ते वाढले की गती कशी ठेवायची, आणि नकला. इथे मी पुन्हा घरी आलो. आपण आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणीत उतरवतो. डेटाबेसही तेच करतो. बदल आधी नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये लिहितो, मगच तक्त्यात. महाराष्ट्रात ज्यांची जमीन आहे त्यांना ठाऊक असेल, आधी फेरफाराची नोंद होते, ती प्रमाणित झाली की मगच सातबाऱ्यावर अंमल. पैसे एका खात्यातून निघाले, दुसऱ्यात पोचायच्या आत वीज गेली, तर वीज आल्यावर यंत्र ही कीर्द वाचतं आणि अर्धवट व्यवहार मागे घेतं. जुनी नक्कल आणि तेव्हापासूनची सलग कीर्द हाती असेल, तर बुडालेली खतावणी पुन्हा उभी करता येते.

नक्कल हाती असेल, तर.

कोर्सनंतर मला एका संस्थेत हे काम मिळालं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण दोष माझा होता. रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप व्हायचा. सकाळी गेलो की फोल्डर उघडायचं, त्या दिवसाच्या तारखेची फाईल दिसली की बंद करायचं. साडेतीन महिने हा माझा नेम. मग एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. मी ऐटीत नक्कल काढली. फाईल उघडेना. तिचा आकार पाहिला : शून्य. आदल्या दिवशीची? शून्य. बॅकअप जिथे जात होता ती डिस्क कधीचीच भरली होती. फाईल आधी जन्माला येते, माहिती तिच्यात नंतर ओतली जाते, आणि ओतायला जागा नव्हती. म्हणजे मी रोज सकाळी रिकाम्या डब्यांची झाकणं मोजत होतो. कागदी व्हाउचरांवरून सगळं पुन्हा भरायला आम्हाला अकरा दिवस लागले.

हे छोट्या गावात, चाळिशी उलटलेल्या नवशिक्याच्याच बाबतीत होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणाऱ्या कंपनीत एका दमलेल्या इंजिनिअरने रात्री डेटाबेस पुसायचा आदेश चुकून भलत्याच सर्व्हरवर दिला. आवरेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. मग नकला पाहायला गेले. रोजचा बॅकअप होतच नव्हता : डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं. ते रोज अपयशी व्हायचं, रोज तक्रारीची ईमेल पाठवायचं, आणि ती ईमेल सहीच्या कसल्याशा नियमात न बसल्यामुळे वाटेतच नाकारली जायची. बोंब मारणारा होता, ऐकू मात्र कुणाला जात नव्हती. नशिबाने एकाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक नक्कल काढून ठेवली होती, ती कामी आली. पण त्या कंपनीचं मला कौतुक वाटतं. झाकपाक न करता तिने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांसमोर थेट दाखवलं, आणि नंतर कुठे काय चुकलं ते बारीकसारीक लिहून काढलं.

आता मंडळाच्या डेटाबेससाठी मी एक नेम पाळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल घेऊन मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर ती परत उभी करतो, पावत्या मोजतो आणि शेवटची रक्कम छापील पावतीपुस्तकाशी ताडून पाहतो. अर्धा तास लागतो. खजिनदार चहा घेत बघत बसतात. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, “एवढं सगळं कॉम्प्युटरात आहे, तर हे पावतीपुस्तक आता बंद करू का?”

मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.