प्रार्थना कोणत्या भाषेत?



मी वसईचा. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी, आणि पुढे आयुष्यभर मराठीच शिकवलं. तरी मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: ख्रिस्ती असून मराठी? नोकरीत रुळल्यावर स्टाफरूममध्ये कौतुक व्हायचं, "तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो!" त्या कौतुकात मला बाहेर बसवलेलं असायचं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ची. तरीही २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली, तेव्हा विरोध झालाच. चारशे वर्षांनंतरही आम्ही मराठी असल्याचा पुरावा द्यायचा, याचा मला राग आहे.

आणि तीच वागणूक आपण आपल्याच मुलांना देतो, याचा त्याहून जास्त.

वसई-डहाणू पट्ट्यातल्या एका कॉलेजात ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा प्रार्थना गट होता. तारापूरचं अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी यांमुळे बोईसरला स्थायिक झालेल्या मल्याळी, तमिळ घरांतली मुलं त्यात होती. विरारला गाडी बदलून डहाणू लोकलने येणारी आमची वसईची मुलंही होती. गिटार, इंग्रजी गाणी, नाताळची तयारी, सगळा उत्साह खरा. तलासरीकडची एक वारली मुलगी दर शुक्रवारी यायची आणि मागच्या बाकावर बसायची. तिच्या पाड्यावर प्रार्थना मराठीत व्हायची. इथे तिला कुणी एकदाही बायबलचं वाचन दिलं नाही. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "सर, प्रार्थना गावालाच बरी वाटते. इथं सगळी मोठी माणसं." ती माणसं तिच्याच वर्गातली होती.

मराठी कवी रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि भजन-कीर्तनातून ख्रिस्त मराठी घरात नेला. मला त्यांची अखेरची दोन वर्षं विशेष जवळची वाटतात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले, काम अर्धंच राहिलं. त्यांचं नाव घेणाऱ्या आपल्याला एका बाप्तिस्मा झालेल्या मुलीला सामावून घेता येऊ नये?

पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, उद्या तुम्ही पुण्याला, बंगळूरला, आखातात जाल. रविवारी चर्च शोधाल, आपली माणसं शोधाल. जरूर शोधा, परक्या शहरात एकट्या पोराला त्याचा फार आधार असतो. पण भाषेचं, गावाचं, पैशाचं कोंडाळं करू नका. ख्रिस्ती नसलेला खोलीतला मित्रही नाताळला तुमच्यासोबत जेवला पाहिजे.

आणि अजून इथेच शिकणाऱ्या मुलांनो, तुमच्या प्रार्थना गटाची पुढची प्रार्थना मराठीत घ्या, आणि त्या दिवशीचं वाचन पाड्यावरून आलेल्या मुलाला किंवा मुलीला द्या.