वास्तू उभी राहील, वस्तीचे काय?



मुंबईच्या बी.डी.डी. चाळींनी शंभरी गाठली आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला गेला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी व सुमारे १६ हजार खोल्या उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. प्रारंभी यांतील कित्येक खोल्या रिकाम्याच पडून राहिल्या. परकीय राज्यकर्त्यांनी निवारा बांधला. पण त्यात राहणार कोण, त्याला भाडे परवडेल का, याचा विचार केला नाही.

या काँक्रीटच्या पेट्यांची वस्ती केली ती माणसांनी. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी एकेका खोलीत संसार थाटले. ग्रामस्थ मंडळे, भजनी मंडळे, व्यायामशाळा उभ्या राहिल्या. गणेशोत्सव आणि बाबासाहेबांची जयंती याच आवारांत साजरी होऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि चुली विझू लागल्या, तेव्हा पहिला आधार मिळाला तो शेजाराचा. सारेच गोमटे होते, असे मात्र नव्हे. १९७४ साली वरळीच्या याच चाळींत सवर्ण-दलित दंगल पेटली. तो डाग विसरता येत नाही. समरसता आयती मिळत नसते, ती शेजारात रोज घडवावी लागते, हाच त्याचा बोध.

अशा वास्तूंचा पुनर्विकास करावा की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. उपनगरातील प्रशस्त सदनिकेत बसून चाळीच्या आठवणींनी गहिवरणे सोपे आहे. सामाईक शौचालयापुढे रांग लावणाऱ्या माता-भगिनींना त्या गहिवराचा काय उपयोग? १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे, मालकीचे घर, आणि तेही विनामूल्य, तेही त्याच जागी! ही घटना निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु खरी परीक्षा यापुढेच आहे. सदनिकांचे वाटप सोडतीने झाल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर गेले. एका ओळीत उघडणारी दारे मिटली. चाळीस मजली इमारतीत उद्वाहन, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च कायमचा असतो. निवृत्त कामगाराला किंवा घरकाम करणाऱ्या भगिनीला तो पेलला नाही, तर ते घर विकावे लागेल आणि कुटुंब शहराबाहेर फेकले जाईल. मग इमारत तीच राहील, माणसे मात्र बदललेली असतील. शंभर वर्षांपूर्वीची चूक नव्या रूपात पुन्हा घडेल.

हे टाळणे केवळ शासनाच्या हाती नाही. गृहनिर्माण संस्थेचा कारभार जाणत्या, निःस्वार्थी रहिवाशांनी हाती घ्यावा. हिशेब सर्वांसमोर मांडावा. देखभाल निधीला हात लावण्यापूर्वी सर्वसाधारण सभेची संमती घ्यावी. व्यायामशाळा, अभ्यासिका आणि उत्सवाचे अंगण यांच्या जागा आराखड्यावर दाखविल्याप्रमाणे मिळतात की नाही, याचा पाठपुरावा करावा. कार्यकर्त्यांनी नव्या इमारतीत मजलावार संपर्क ठेवावा. ज्या घरात एकटे वृद्ध राहतात, त्या घराचे दार आठवड्यातून एकदा तरी ठोठवावे.

चाळीतील दार दिवसभर उघडे असे, सदनिकेचे दार बंद असते. ते उघडायला लावणारा शेजारी जोवर आहे, तोवर वस्ती जिवंत आहे. पुनर्विकास यशस्वी झाला की नाही, हे चाव्या वाटल्या त्या दिवशी कळत नाही. वीस वर्षांनी त्याच घरांत चाळकऱ्यांची नातवंडे नांदताना दिसली, तरच तो यशस्वी म्हणावा.