देवळाच्या फरसबंदीवरील शेवाळ



जीर्णोद्धार होतो, कळस चढतो, आवारात नवी फरसबंदी होते. पहिले वर्ष कौतुकात जाते. पुढे एखाद्या श्रावणी सोमवारी प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीबाईंचा पाय सरकतो आणि मग शेवाळाची आठवण होते. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, की माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो.

शेवाळाला ओल आणि थोडा उजेड पुरतो. कोकणातला जांभ्याचा चिरा सच्छिद्र. तो पाणी पितो व लवकर वाळत नाही. त्यातही खरी जागा गोमुखापाशी. अभिषेकाचे दूधपाणी तेथेच उतरते. शिवालयात सोमसूत्र ओलांडायचे नाही, म्हणून भाविक नेमका त्याच ठिकाणी मागे वळतो. जेथे पाय वळतो तेथेच फरशी बुळबुळीत! हे पाणी फरशीवर न पसरता झाकलेल्या पन्हळीतून बागेत जावे. बाकी आवाराला दर १० फुटांस २ इंच उतार असला, तर पाणी साचत नाही. पागोळ्यांखालची पट्टी आणि वडापिंपळाची सावली यांवरही नजर हवी.

वैशाखात फरशीवर दिसणारा काळा थर पुष्कळांना डाग वाटतो. तो बहुधा शेवाळाचाच असतो. वाळलेला, पण मेलेला नव्हे. मृगाच्या सरींनी तो पुन्हा फुगतो. म्हणून आगोटीपूर्वी, थर कोरडा असतानाच, हिरांच्या खराट्याने घासून काढावा आणि ती भुकटी आवाराबाहेर टाकावी. सांध्यांतली माती राहिली तर निम्मे काम फुकट.

झटपट सफाईसाठी कोणी अ‍ॅसिड आणतात. ते शेवाळाबरोबर सांध्यांतला चुना आणि सिमेंटही खाते. मोकळ्या सांध्यांत माती व पाणी मुरते आणि शेवाळ पुन्हा येते. ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने शेवाळ मरते. मात्र पितळी समया व झाडांची मुळे सांभाळून ते वापरावे, नंतर भरपूर पाण्याने धुवावे. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग एकत्र तर कधीच करू नये, विषारी वायू निघतो. बागाईतदारांना मोरचूद सुचेल. सुपारीवर ते ठीक. अनवाणी पायांखाली आणि विहिरीच्या काठी नको.

पालखीच्या मानाप्रमाणे घासण्याच्याही वाडीवार पाळ्या लावता येतील. श्रावणात उघडीप मिळाली, की पुन्हा एक हात फिरवावा. तोवर गोमुखापाशी माडाच्या झावळ्या अंथराव्या.